शिवार, शिधा आणि ताट : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालातील शेतीची पत्रे एका बाजूला आणि आहाराची पत्रे दुसऱ्या बाजूला ठेवायची म्हटली, तर ती वेगळी होईनात. ज्वारी का सुटली असे विचारणारे पत्र शेवटी घरातल्या भाकरीवर येते, आणि मुलाचे वजन का वाढत नाही असे विचारणारे पत्र गावाबाहेरच्या स्थलांतराशी जाऊन भिडते. म्हणून या खेपेस दोन्ही प्रकारचे प्रश्न एकत्रच घेतले आहेत. एकाच आशयाची अनेक पत्रे आली असतील, तेथे त्यांतील एक निवडून थोडे संक्षिप्त केले आहे.

प्रश्न : मंगळवेढा तालुक्यात आमची सात एकर भारी काळी जमीन आहे. वडील सगळे रान रब्बी ज्वारीचे करीत. काढणीला माणसे मिळेनात आणि भाव परवडेना, म्हणून आम्ही तूर, मका आणि हरभऱ्याकडे वळलो. आता ज्वारी विकत आणतो, आणि घरात गव्हाची चपाती वाढली आहे. आई म्हणते, दोन एकर तरी ज्वारी पेरा. केवळ भावनेपोटी असा निर्णय घ्यावा का?
– एक शेतकरी वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपल्या आईंचे म्हणणे भावनेपेक्षा हिशेबाला अधिक धरून आहे. ज्वारीचा हिशेब केवळ दाण्यावर मांडला की ती तोट्याची दिसते, कारण त्यात कडबा धरलेला नसतो, घरची बेगमी धरलेली नसते आणि ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी कोणते पीक निदान काहीतरी हाती देते हेही धरलेले नसते. भारी जमिनीत टिकलेल्या ओलीवर एकरी सरासरी चार ते पाच क्विंटल दाणा धरला, तर दोन एकरांत आठ ते दहा क्विंटल होतो. सहा माणसांच्या, रोज भाकरी खाणाऱ्या घराला वर्षाला साधारण सहा ते सात क्विंटल लागते. म्हणजे घरचे भागून थोडे विकायलाही उरते, आणि दावणीला दोन जनावरे असली तर उन्हाळ्यातील वैरणीचा मोठा खर्च वाचतो. आपल्या तालुक्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या प्रदेशाच्या नावाची अधिकृत ओळख, मिळालेले आहे, तेव्हा चांगला, स्वच्छ केलेला माल थेट शहरातील ग्राहकाला देता आला तर भावही आडतीपेक्षा बरा येतो.

वाणाची निवड जमिनीच्या खोलीवर करावी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा आणि भारी जमिनीसाठी फुले वसुधा हे वाण दिलेले आहेत. मोहोळ येथे निवड पद्धतीने तयार झालेली मालदांडी तर आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असेलच. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्याभरात ओल पाहून उरकावी आणि काणी रोगापासून बचावासाठी बियाण्याला गंधक चोळण्यास विसरू नये. एकच संरक्षित पाणी, म्हणजे ओल कमी पडल्यावर वरून दिलेली पाळी, देणे शक्य असेल, तर ते पीक पोटरीत असताना, कणीस बाहेर पडण्याच्या आधी, द्यावे. बांधाकडेने करडईच्या ओळी घेतल्या तर काट्यांमुळे जनावरांची वाट अडते आणि घरचे तेलही होते.

काढणीची अडचण मात्र खरी आहे, आणि ती एकट्याने सुटणारी नाही. कापणी-मळणी एकदम करणारे मोठे यंत्र लावले तर दाणा हाती येतो, पण कडब्याची नासाडी होते. ज्वारीचे निम्मे मोल त्यातच गेले. शेजारच्या चार-पाच घरांनी थोड्या दिवसांच्या अंतराने पेरणी करावी, काढणी सावडीने, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबून, उरकावी आणि मळणीयंत्र मिळून भाड्याने आणावे, हाच मार्ग मला व्यवहार्य वाटतो. दोन एकरांच्या तुकड्याला हे जमते.

आपल्या प्रश्नाची दुसरी बाजू धोरणाची आहे. १९६० च्या दशकात महाराष्ट्रात सुमारे ६० लाख हेक्टरांवर ज्वारी उभी असे. आज ते क्षेत्र २० लाख हेक्टरांच्याही खाली आले आहे. याला सोयाबीन आणि कापसाची ओढ कारणीभूत आहेच, पण सरकारी खरेदी आणि रेशन यांची घडी गहू आणि तांदूळ या दोन धान्यांभोवती बसली, हे कारण मला अधिक मोठे वाटते. जे धान्य सरकार भरवशाने विकत घेते तेच शेतात टिकते, आणि जे रेशनवर मिळते तेच ताटात येते. २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये जाहीर झाला आहे, परंतु जवळच्या गावात वेळेवर उघडणारे खरेदी केंद्र नसेल तर त्या आकड्याचा शेतकऱ्याला उपयोग नसतो. शेजारच्या कर्नाटकात दक्षिणेकडील जिल्ह्यांत नाचणी आणि उत्तरेकडे ज्वारी रेशनवर देण्याची पद्धत रुळलेली आहे. पूर्वी ज्वारी सहा आणि नाचणी सात महिन्यांत वाटून संपवावी लागत असे, त्यामुळे राज्ये ही धान्ये घेण्यास कचरत. २०२१ च्या अखेरीस ही मुदत ज्वारीसाठी नऊ महिने आणि नाचणीसाठी दहा महिने करण्यात आली. म्हणजे नियमाची ती अडचण आता उरलेली नाही. आपल्याकडे काही जिल्ह्यांत ज्वारी रेशनवर आली, पण अधूनमधून. सोलापूर, अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव येथील ज्वारी त्याच जिल्ह्यांतील रेशन दुकानांत आणि अंगणवाड्यांत दरवर्षी ठरावीक महिन्यांत दिली गेली, तर आपल्यासारख्यांना दोन एकरांचा निर्णय घेणे सोपे होईल. आपल्या ग्रामसभेने तसा ठराव करून जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांकडे पाठवावा, असे मी आग्रहाने सुचवीन.

प्रश्न : रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळेच दिसतात. पाण्यात टाकले की तरंगतात, थोडे पिवळसर असतात. गावात सगळे म्हणतात की हा प्लास्टिकचा तांदूळ आहे. आम्ही ते दाणे निवडून फेकतो. हे बरोबर आहे का?
– एक गृहिणी, गडचिरोली जिल्हा

उत्तर : ते दाणे प्लास्टिकचे नाहीत, कृपया फेकू नका. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून, यंत्रातून दाण्याच्याच आकारात ते घडवलेले असतात आणि साधारणपणे १०० किलो तांदळात १ किलो या प्रमाणात मिसळले जातात. त्यांची घडण वेगळी असल्यामुळे ते हलके असतात, रंगालाही किंचित निराळे दिसतात. खात्री करायची असेल तर असे दहा-बारा दाणे वेगळे शिजवून बोटांनी दाबून पाहा. ते भातासारखे मऊ होऊन मोडतात.

आपण दाणे निवडून फेकता तेव्हा नेमका ज्यासाठी हा खटाटोप केला तो भागच ताटातून जातो. तांदूळ फार चोळून धुऊ नये, तरंगणारे दाणे पाण्याबरोबर ओतून देऊ नयेत, आणि शक्यतो बेताच्या पाण्यात शिजवावे. पाणी काढावेच लागले तर ती पेज म्हणून प्यावी. एक सावधगिरी आपल्या जिल्ह्यासाठी विशेष महत्त्वाची आहे. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण पुष्कळ आहेत. घरात कोणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हा तसाच रक्ताचा आजार असेल, तर लोहयुक्त आहार व गोळ्या यांबाबत प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

लोकांना न सांगता, न समजावता त्यांच्या अन्नात बदल केला की अशी भीती पसरणारच, आणि तिचा दोष मी गावकऱ्यांना देणार नाही. रेशन दुकानाच्या भिंतीवर दोन ओळींची माहिती आणि तलाठी, आशाताई यांनी एकदा करून दाखवलेली चाचणी एवढ्याने हे थांबले असते. शिवाय लोह मिसळलेला तांदूळ म्हणजे पोषणाची पूर्तता नव्हे. डाळ, हिरवी पालेभाजी, अंडे किंवा मासा आणि वर पिळलेले लिंबू यांची जागा तो घेऊ शकत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, आणि त्याआधीच्या पाहणीपेक्षा हे प्रमाण वाढलेले होते. एवढा मोठा प्रश्न एका दाण्यावर सोपवून चालणार नाही.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो आणि उन्हाळ्यात परततो. एक मूल बरोबर असते, मोठी दोघे सासू-सासऱ्यांजवळ राहतात. फडाजवळच्या कोपीवर (तात्पुरत्या झोपडीत) राहताना रेशन मिळत नाही, अंगणवाडीचा खाऊ मिळत नाही. आमचे नाव गावाकडच्या यादीत आहे म्हणून येथे देता येत नाही, असे सांगतात. खरे काय?
– एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : आपल्याला जे सांगितले जाते ते बरोबर नाही. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेखाली आपण राज्यातील किंवा राज्याबाहेरील कोणत्याही रास्त भाव दुकानातून, अंगठा लावून, आपले धान्य उचलू शकता. सगळे धान्य एकाच ठिकाणी घ्यावे असेही बंधन नाही. आपण कारखान्याजवळच्या दुकानातून आपल्या वाट्याचे धान्य घ्यावे आणि उरलेले गावाकडे आपल्या सासू-सासऱ्यांनी त्याच शिधापत्रिकेवर उचलावे, असे करता येते. प्राधान्य गटातील कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो धान्य देण्याची तरतूद २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात आहे, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. निघण्यापूर्वी शिधापत्रिकेवरील प्रत्येक माणसाचे, लहान मुलांसह, आधार जोडलेले आणि ई-केवायसी झालेले असल्याची खात्री दुकानातच करून घ्या. येथे चूक राहिली की तिकडे अंगठा लागत नाही, आणि हंगाम सुरू झाल्यावर ती दुरुस्त करायला आपल्याला सवड मिळत नाही. दुकानदार नकार देत असेल तर १९६७ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

अंगणवाडीचे तसेच आहे. सहा महिने ते सहा वर्षे वयाचे मूल, गरोदर स्त्री आणि स्तनदा माता जेथे राहत असतील तेथील अंगणवाडीने त्यांना आहार दिला पाहिजे. पोषण ट्रॅकर या नोंदप्रणालीत स्थलांतरित लाभार्थ्यांचे नाव एका अंगणवाडीतून दुसरीकडे वळवण्याची सोय केलेली आहे. गाव सोडण्यापूर्वी आपल्या अंगणवाडीताईंकडून मुलाचे शेवटचे वजन, उंची आणि लसीकरणाचे कार्ड बरोबर घ्या. कोप्या गावापासून दोन-तीन किलोमीटरवर शेतात असतात आणि पहाटे फडात गेलेली आई मुलाला अंगणवाडीत सोडायला येऊ शकत नाही, ही खरी अडचण कागदाने सुटत नाही. ती सोडवण्यासाठी अंगणवाडीचा आहार कोप्यांवर पोहोचवला पाहिजे आणि कारखान्यांनी तेथे पाळणाघर चालवले पाहिजे. साखरेच्या प्रत्येक पोत्यामागे ज्यांचे श्रम आहेत त्यांच्या मुलांना सहा महिने अर्धपोटी राहावे लागू नये, ही मागणी मला अगदी किमान वाटते. तोडणीचा करार करतानाच मुकादमापुढे आणि कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यापुढे ती टोळीने मिळून मांडावी.

प्रश्न : मी जालना जिल्ह्यातील एका गावाचा सरपंच आहे. लोकसंख्या दोन हजार, शिवार सुमारे हजार हेक्टर. जलसंधारणाची कामे चांगली झाली, पण विहिरींना पाणी आले तसा ऊस वाढला, शेततळी वाढली आणि मार्चमध्ये पुन्हा टँकर आला. ‘पाण्याचा ताळेबंद’ मांडा असे सांगतात. तो मांडायचा कसा, आणि लोक तो पाळतील का?
– एक सरपंच

उत्तर : आपण कळीचा प्रश्न विचारला आहे. आपल्या राज्यात पाणी अडवण्याची कामे भरपूर झाली. अडवलेले पाणी कोणी, कशासाठी आणि किती वापरावे हे ठरवण्याचे काम फार थोड्या गावांनी केले.

हिशेबाची पद्धत कठीण नाही. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. आपल्या हजार हेक्टरांवर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर आकाशातून ६०० कोटी लिटर पाणी आले. त्यातील मोठा भाग बाष्प होऊन जातो, खरिपाची पिके घेतात, काही वाहून जाते. जमिनीत मुरून विहिरींना मिळणारे आणि बंधाऱ्यांत साठणारे पाणी यातला लहानसा वाटा असतो, आणि तो आपल्या जमिनीच्या प्रकारावर ठरतो. त्यासाठी पावसाळा संपताच, ऑक्टोबरमध्ये, गावातील ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी मोजून फलकावर लिहावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे तालुक्याचे अधिकारी यात मदत करतात.

आता खर्चाची बाजू पाहा. माणशी रोज ५५ लिटर धरले तर दोन हजार लोकांना वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर पाणी लागते. जनावरांसाठी आणखी साधारण दोन कोटी लिटर धरावे. उसाला मोकाट पाणी दिले तर हेक्टरी २,००० मिलिमीटर आणि त्याहूनही अधिक पाणी लागते, म्हणजे एका हेक्टराला २ कोटी लिटर. आपल्या संपूर्ण गावाचे वर्षाचे पिण्याचे पाणी अवघ्या दोन हेक्टर उसात जाते. हा आकडा ग्रामसभेत फळ्यावर लिहावा आणि त्याखाली रब्बी ज्वारीचा किंवा हरभऱ्याचा लिहावा, ज्यांना एका संरक्षित पाळीला हेक्टरी सहा ते साडेसात लाख लिटर पुरतात. केंद्रीय कृषिमूल्य आयोगाने राज्याविषयी हेच निरीक्षण नोंदवले आहे की, लागवडीखालील क्षेत्राच्या ४ टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस सिंचनाचे जवळजवळ ७० टक्के पाणी घेतो. ऊस लावणारा शेतकरी यात गुन्हेगार नाही. खात्रीचा खरेदीदार आणि ठरलेला भाव असलेले पीक त्याच्यापुढे दुसरे कोणते आहे? डाळी, तेलबिया आणि भरडधान्ये यांना तशी हमी मिळेपर्यंत पाण्याची शिस्त ही थोड्या माणसांनी सोसण्याची गोष्ट राहील, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

लोक पाळतील का, याचे उत्तर जुन्या अनुभवांतून मिळते. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. तेथे पाण्याचा हक्क जमिनीला जोडलेला नव्हता, तो माणसाला जोडला होता : माणशी अर्धा एकर आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढे पाणी, भूमिहीनांनाही वाटा, उसासारख्या बारमाही पिकांना बंदी आणि खर्चातील काही भाग सभासदांनी आधी स्वतः भरायचा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात सिंचनासाठी विंधनविहिरी घेण्यावर आणि ऊस-केळीसारख्या पिकांवर गावाचीच बंदी घातली, आणि दरवर्षी पावसानंतर पाणी मोजून त्यावरून रब्बीचे क्षेत्र ठरवण्याची प्रथा पाडली. दोन्ही ठिकाणी नियम बाहेरून आलेले नव्हते, आणि ते सर्वांना सारखे लागू होते. आपल्या गावात पहिला नियम सरपंचाच्या, सदस्यांच्या आणि मोठ्या बागायतदारांच्या विहिरीपासून सुरू झाला तर इतर लोक ऐकतील. तसे झाले नाही तर ठराव कागदावर राहील.

शेततळ्यांविषयी स्पष्ट बोलावे लागेल. नाल्याचे वाहून जाणारे पाणी धरणारे शेततळे उपयोगाचे आहे. मात्र तळाला प्लास्टिक अंथरून, विहिरीतले किंवा बोअरचे पाणी उपसून भरलेले तळे म्हणजे सर्वांच्या भूजलाचा एकाच्या नावावर केलेला साठा होय, आणि त्यातील बराचसा उन्हाने उडून जातो. ग्रामसभेने अशा भरणीला मनाई करावी. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घालण्याची तरतूद आहे, तिचा आधार घ्यावा. पहिल्या वर्षी सगळे नियम एकदम आणू नका. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीभोवती नवीन बोअर नको, उन्हाळी पिकाला पाणी नको आणि उसाला ठिबकाशिवाय पाणी नको, एवढे तीन निभावले तरी मार्चचा टँकर मे महिन्यापर्यंत पुढे जाण्याची शक्यता आहे.

प्रश्न : घरची तूर आणि हरभरा दोन-तीन महिन्यांत भुंगेऱ्यांनी पोखरून जातो. दुकानदार धान्यात ठेवायच्या गोळ्या देतो. त्या वापराव्यात का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : राहत्या घरात त्या गोळ्या कधीही वापरू नयेत. त्यांत ॲल्युमिनियम फॉस्फाइड असते. हवेतील ओलाव्याने त्यातून अत्यंत विषारी वायू सुटतो, आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचे त्याने प्राण जाऊ शकतात. हे काम प्रशिक्षित माणसाने, वस्तीपासून दूर असलेल्या गोदामातच करायचे असते.

घरच्या साठवणीसाठी खबरदारी साधी आहे. कडधान्य कडक उन्हात इतके वाळवा की दाताखाली दाणा कडकन फुटला पाहिजे. गार झाल्यावरच भरा, कारण गरम धान्य कोठीत घाम सोडते. डाळ करून ठेवली तर भुंगेरा फारसा लागत नाही. अख्खे ठेवायचे असेल तर किलोला चमचाभर एरंडेल किंवा खाद्यतेल चोळावे. बियाण्याचे धान्य वेगळे ठेवा आणि त्यात चाळलेली राख व वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची जी बँक उभी केली, जिच्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली, ती अशाच घरगुती शहाणपणावर उभी आहे. आपले बियाणे राखणे, शेजाऱ्याला देणे आणि विकणे हा २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने दिलेला अधिकार आहे. फक्त कंपनीच्या नाममुद्रेखाली ते विकता येत नाही.

प्रश्न : मी धडगाव भागातील एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. चौदा महिन्यांच्या एका मुलाच्या दंडाचा घेर ११.३ सेंटिमीटर आला. आई म्हणते, तो पोटभर खातो. घरात ज्वारी, भगर, तूर, अंबाडीची भाजी सगळे असते. मग मूल अशक्त का? आणि आईला काय सांगू?
– एक अंगणवाडी सेविका, नंदुरबार जिल्हा

उत्तर : आधी तातडीचे. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण. त्याच्या दोन्ही पावलांवर बोटाने दाबून खळगा राहतो का ते पाहा; सूज असेल, ताप असेल, मूल सुस्त असेल किंवा खायला तोंड फिरवत असेल, तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावे लागेल. यांपैकी काही नसेल आणि भूक चांगली असेल, तरी आरोग्य तपासणी करून त्याला ग्राम बाल विकास केंद्रात, म्हणजे कुपोषित मुलांना गावातच जादा आहार देण्याच्या सोयीत, दाखल करा आणि दर आठवड्याला वजन घ्या.

आईचे म्हणणे खोटे नाही. मूल पोटभर खाते, पण त्याचे पोट लहान असते आणि त्यात पातळ पेज किंवा डाळीचे वरचे पाणी भरले की ते भरल्यासारखे वाटते, अंगाला मात्र फार थोडे लागते. या वयाच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा काही खाऊ हवा असतो. फक्त आई-बाप जेवतात तेव्हाच, दोनदा खाऊन भागत नाही. घरात जे आहे तेच घट्ट करून द्यायला सांगा : तुरीचे वरण गाळून पाणी न देता डाळीसकट, त्यात कुस्करलेली भाकरी, वर चमचाभर तेल, भाजलेल्या शेंगदाण्याचे बारीक कूट. नाचणी किंवा ज्वारी मोड आणून, वाळवून, हलकी भाजून दळली तर तिची खीर घट्ट पिठाचीही पातळ राहते, म्हणजे त्याच वाटीत अधिक पीठ मावते. पीठ फार चाळू मात्र नका. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळात ते अगदीच थोडे असते. अंबाडीची भाजी मुलाला दोन घास मऊ करून द्यावी. आपल्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेखाली मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. ते अंडे अंगणवाडीतच, आपल्या समोर, त्या मुलाच्याच पोटात जाईल एवढे पाहा, कारण घरी नेलेल्या अंड्याचे चार वाटे होतात आणि त्यात कोणाचाही दोष नसतो.

यापुढे थोडी चौकशीही करा. मुलाला सारखी हगवण लागते का, पिण्याचे पाणी झऱ्याचे आहे का, आईचे स्वतःचे वजन किती आहे, ती गरोदर असताना मजुरीसाठी गुजरातेत गेली होती का, आणि ती दिवसभर शेतात असते तेव्हा मुलाला कोण भरवते? बहुधा सात-आठ वर्षांची बहीण भरवत असते. तसे असेल तर आईला जो आहार समजावून सांगाल, तोच त्या बहिणीलाही समोर बसवून, वाटी-चमच्याने करून दाखवा, आणि पुढच्या आठवड्याच्या वजनाच्या दिवशी दोघींनाही बोलवा.